उन्हात काय नेसावं

"उद्या काय घालू?" शीलानं विचारलं तेव्हा उत्तम अजून दारातच होता. एक चप्पल पायात, एक हातात. कपाटातले अर्धे कपडे पलंगावर पसरून ती उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर एक उजेड होता. तो उजेड उत्तमनं गेल्या दहाबारा वर्षांत पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर तो आपल्यामुळेच आहे असं त्यानं खुशाल धरून चाललं असतं. मिस्फाहून फोन आला होता, ती म्हणाली. त्या पाइपवाल्या कंपनीतून. उद्या साडेदहाला इंटरव्ह्यूला बोलावलंय, स्टोअर सांभाळायची जागा आहे. तुम्हीच नव्हता का माझा बायोडेटा पाठवलात? उत्तमनं पाठवला होता खरा. मे महिन्यात एका संध्याकाळी स्वतःचा पाठवता पाठवता, खडा टाकून बघू म्हणून, तिचाही पाठवून दिला होता. खडा बरोबर लागला. फक्त तो त्याच्याच कपाळात बसला, कारण त्याच कंपनीत, त्याच जागेसाठी, तो स्वतः गेल्या सोमवारी जाऊन आला होता आणि हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी तो घरातून 'रुवीला हुसेनच्या दुकानात बसतो जरा' असं सांगून निघाला होता.

न सांगण्याचं कारण म्हटलं तर क्षुल्लक होतं. मार्चमध्ये त्याची मस्कतमधली कंपनी बंद पडली. अठरा वर्षं एकाच कंत्राटदाराकडे काढलेली. एका सकाळी बोलावून खलास म्हणाले आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. त्यानंतर चार ठिकाणी तो मुलाखतीला गेला. पहिल्या वेळी परत आल्यावर शीलानं खोदून खोदून विचारलं, दुसऱ्या वेळी धीर दिला, तिसऱ्या वेळी 'असतं एकेकाचं नशीब' म्हणाली, आणि चौथ्या वेळी काहीच न बोलता त्याच्यापुढे सोलकढीचा पेला ठेवला. त्या पेल्यानं उत्तमचा निकाल लागला. पाचवी मुलाखत सांगायची नाही असं त्यानं ठरवलं. लागली तर सांगू, नाही लागली तर कोंबडं झाकलेलंच बरं. व्हिसा जुलैअखेर संपत होता. शिवांगी बारावीत, शाळा घराच्या मागच्याच गल्लीत. तोवर दोघांपैकी कुणाला काहीच मिळालं नाही तर तिघांनी गाशा गुंडाळून संगमेश्वर गाठायचं, आणि ज्या पोरीला मराठीत 'सत्त्याहत्तर' म्हणता येत नाही तिला तिथल्या कॉलेजात बसवायचं, हे उघड होतं. शीलाला मिळालं तर निदान मायलेकी राहतील. नवरा बायकोच्या व्हिसावर राहू शकतो की नाही यावर त्यांच्या अल् घुब्राच्या बिल्डिंगीत दोन मतं होती, आणि दोन्ही मतं लिफ्टमध्ये ऐकायला मिळत. तेव्हा फोन आला म्हटल्यावर उत्तमनं खरं तर देवापुढे साखर ठेवायला हवी होती. त्याऐवजी त्याला हेवा वाटला. त्याला दुसरा शब्द नव्हता. त्यानं हातातली चप्पल खाली ठेवली, ती पायातलीच्या शेजारी नीट जुळवली, तेवढ्यात मनात दुसरा एखादा बरा शब्द सापडतो का ते पाहिलं, सापडला नाही.

सोमवारी तो आकाशी रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय, काळी टेरिकॉटची पँट आणि लेसचे कातडी बूट असा जामानिमा करून गेला होता. अठरा वर्षं कंपनीचा लोगो असलेला टी-शर्ट घालून काढलेली. काय घालायचं हे ठरवायची सवयच मोडून गेली होती. नोकरी मागायला जायचं म्हणजे टाय, एवढं मात्र मुंबईच्या मुलाखतीपासून डोक्यात बसलेलं. पत्र्याच्या केबिनमध्ये एसी एवढा होता की बसल्या बसल्या बोटं आखडली, आणि उत्तम मनात म्हणाला, वा, निवड बरोबर आहे. मग आतून रय्यान आला. तो तिथला मॅनेजर, ओमानी, फार तर तिशीचा, कडक इस्त्रीची पायघोळ पांढरी दिश्दाशा, डोक्यावर नक्षीची टोपी. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. मालाची यादी उत्तमच्या हातात दिली, बाहेरचं दार उघडलं आणि म्हणाला, यल्ला, चलो. कुर्सी में बैठ के स्टोअर नहीं समझता. तो सगळ्यांना असाच यार्डात फिरवतो, उमेदवार असो की मालक. अकरा ओळी. पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, वर कुठे पत्रा, कुठे नुसतं आभाळ. यादी वाचायची, माल शोधायचा, रॅकवरच्या कार्डाशी ताडून बघायचा, पुढं जायचं. केबिनमधून बाहेर पाऊल टाकल्याबरोबर उत्तमच्या चष्म्यावर वाफ धरली आणि जग पांढरं झालं. तिसऱ्या ओळीत आकाशी शर्ट गडद निळा झाला होता. कपाळावरून थेंब यादीवर पडत आणि आकडे पसरत. पाचव्या ओळीत त्यानं सहाचे आठ वाचले, मग आठाचे तीन, आणि गळ्यातला टाय एखाद्या परक्या माणसाच्या हातासारखा वाटायला लागला. रय्याननं चिडचिड केली नाही. त्यानं उत्तमचं कोपर धरलं, सावलीत नेऊन बसवलं, पाण्याच्या बाटलीचं झाकण स्वतः उघडलं आणि ती पुढे केली. "बाबा, आप आराम करो," तो म्हणाला. तो खेकसला असता तर उत्तम घरी येऊन मोठ्या आवाजात सांगू शकला असता, शिव्या घालू शकला असता. पण बाटलीचं झाकण उघडून दिलं, हे कसं सांगायचं? फोन करेंगे, इन्शाल्ला, असं म्हणून निरोप देताना रय्यानच्या दिश्दाशाच्या पाठीवर घामाचा ठिपका नव्हता, आणि उत्तम ती कोरडी पाठ परतीच्या सबंध वाटेवर बघत राहिला.

आता त्याच यार्डात शीला जाणार होती. आणि शीलाला घाम येत नसे. म्हणजे अगदी येतच नसे असं नाही, पण मस्कतच्या जूनमध्ये, भिंतीसुद्धा ओल्या होतात अशा दिवसांत, तिच्या वरच्या ओठावर फक्त दवासारखं काहीतरी उमटायचं आणि ते ती करंगळीनं टिपून टाकायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी उत्तमला त्या दवाचं कौतुक होतं. आज पलंगाशी उभ्या असलेल्या बायकोच्या त्या कोरड्या, स्वच्छ कपाळाकडे बघताना त्याच्या मनात आलं, देव देतो तेव्हा कपाळाचा घामसुद्धा बघून देतो. तिनं एक कुर्ता उचलून अंगाला लावला. पांढुरका, सुती, सैल, तीनचतुर्थांश बाह्यांचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. खाली सलवार आणि सपाट सँडल. हे बरं ना, जाता येता ऊन असणार. शिवांगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "Yes आई, this one. It's… काय म्हणतात… breathing आहे." निवड शंभर टक्के बरोबर होती. त्या यार्डाला आतून ओळखणाऱ्या माणसानं, मन साफ ठेवून, हाच कुर्ता काढून दिला असता. उत्तमला ते लख्ख दिसलं. मग त्यानं स्वतःचा आवाज ऐकला. तो आवाज काळजीचा होता, जाणत्या माणसाचा होता.

"हे काय, भाजी आणायला चाललीस का? साडी नेस. ती वांगी रंगाची, रेशमी."

"एवढ्या उन्हात? इथं रेशीम चालत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"ते बाहेर फिरायला. हापिसात एसी मरणाचा असतो. बसून बोलायचं असतं, पहिल्या नजरेत छाप पडली पाहिजे. आणि त्या टाचेच्या चपला घाल."

ती साडीकडे बघत राहिली, मग कुर्त्याकडे. शिवांगीनं 'साडी is too much, बाबा' म्हणून बघितलं, पण शीलानं तिला हातानं थांबवलं. बाबांनी अशा किती मुलाखती बघितल्यात, त्यांना कळतं, असं ती म्हणाली, आणि साडीला जुळणारा ब्लाउज शोधायला कपाटात वाकली. त्या ब्लाउजला जाड अस्तर होतं. उत्तम पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि दोन पेले प्याला. आपण खोटं बोललो असं काही त्यानं स्वतःला म्हटलं नाही. एसी होताच की केबिनमध्ये. साडीत बाई चांगली दिसतेच की. माणूस स्वतःशी बोलताना वकील फार स्वस्तात करतो.

पण त्या रात्री झोप लागेपर्यंत आणि सकाळी चहा उकळेपर्यंत त्याच्या डोक्यात कोकणातलं लोटे होतं. लोट्याच्या केमिकल कारखान्याच्या स्टोअरमध्ये तो पंचवीस वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून लागला तेव्हा शीला तिथं दोन वर्षं मुरलेली क्लार्क होती. निळा ॲप्रन, कानामागे पेन्सिल. प्रत्येक रॅकला एक कार्ड टांगलेलं असे, बिन कार्ड. किती आलं, किती गेलं, किती उरलं ते त्याच्यावर लिहायचं. उत्तमला सुरुवातीला ते उलटं की सुलटं धरायचं तेही कळत नव्हतं. शीलानं शिकवलं. ती कार्डाकडे न बघता सांगायची, गास्केट चाळीस, त्यातली तीन फाटकी. साहेब दारातून हाक मारायचे ती 'शीला, बघ ग' अशी. उत्तमचं नाव साहेबांना शेवटपर्यंत नीट आठवलं नाही. लग्न ठरलं तेव्हा स्टोअरमधल्या पोरांनी चिडवलं होतं, उत्तम, तू बायको नाही, साहेब करतोयस. तोही हसला होता. पुढे ओमानची जागा निघाली. मुंबईत एका हॉटेलात मुलाखत होती, आणि आदल्या दिवशी शीलानं त्याच्याकडून सगळी उत्तरं पाठ करून घेतली होती, पोटात शिवांगी असताना, भिंतीला पाठ टेकून. तो पास झाला. पुढे तीही आली, नोकरी सोडून. अठरा वर्षं तो ज्या खुर्चीत बसला ती खरं म्हणजे कुणाची, हे त्या घरात दोघांना माहीत होतं आणि तिनं एकदाही, भांडणाच्या तोंडावरसुद्धा, ते बोलून दाखवलं नाही. तिनं एकदा जरी टोमणा मारला असता तरी उत्तमला केवढा आधार झाला असता. तिच्या न बोलण्यानं तो अठरा वर्षं कर्जात असल्यासारखा वागत आला, आणि आता ती निघाली होती, आपली जागा परत घ्यायला, साधेपणानं, 'काय घालू' असं त्यालाच विचारून.

सकाळी साडेनवाला ती साडी नेसून बाहेर आली तेव्हा दिसत होती मात्र अशी की उत्तमनं नजर दुसरीकडे वळवली. शेजारच्या फ्लॅटमधली अमीरुन्निसा तिला आपल्या गाडीनं सोडणार होती. हुसेनची बायको, दापोलीकडची, तोंडाची मोकळी. तिनं दारातच शीलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गो शीला, नोकरी मागूक चाललंस का वरातीत?" ती म्हणाली. "रेशीम अंगाक चिकटात. माझा मलमलचा डगला देऊ?" शीला हसली आणि म्हणाली, ह्यांनी सांगितलंय. तेवढंच. 'ह्यांनी सांगितलंय' हे तिनं अशा सुरात म्हटलं की त्यापुढे अमीरुन्निसाला बोलायला जागाच राहिली नाही. तिनं उत्तमकडे बघितलं, उत्तमनं घड्याळाकडे बघितलं. लिफ्टचं दार मिटताना शीलाच्या खांद्यावरच्या पदराची पिन चमकली, आणि मग घरात वॉशिंग मशीनच्या आवाजाशिवाय काही उरलं नाही.

पलंगावर कुर्ता होता. तिनं तो परत कपाटात ठेवला नव्हता, बाह्या आत दुमडून उशीशेजारी ठेवला होता. उत्तम त्याच्या शेजारी बसला. आणि त्याला विमानतळ आठवला, न बोलावता. शीला पहिल्यांदा मस्कतला आली तोसुद्धा जूनच होता. नवऱ्याकडे चाललीय म्हणून तिच्या आईनं तिला रेशमी साडीत बसवून धाडलं होतं, कडेला वर्षाची शिवांगी. आतल्या थंडगार हॉलमध्ये ती नववधूसारखी सजून उभी होती आणि काचेच्या दारापलीकडे ऊन नुसतं पेटलेलं. उत्तमनं रुवीतून एक सुती कुर्ता घेऊन ठेवला होता. त्यानं शिवांगीला आपल्याकडे घेतलं आणि शीलाला बायकांच्या खोलीत कपडे बदलायला पाठवलं. इथं रेशीम नाही चालत, तो म्हणाला होता, बाहेर पाऊल टाकशील तर भाजून निघशील. ती बदलून आली, बाहेर पडली, तो वाफेचा लोट अंगावर आला आणि ती त्याच्या दंडाला धरून म्हणाली, बरं झालं सांगितलंत. तेव्हापासून ती विचारत आली. लग्नाला जाताना, शाळेत पालकांच्या मीटिंगला जाताना, सोहारला कुणाच्या बारशाला जाताना, काय घालू? इतर कशात तिला त्याची गरज नव्हती. सामान तीच भरायची, पोरीचा अभ्यास तीच घ्यायची, पत्रं तीच लिहायची. एवढ्या एका गोष्टीत ती त्याला विचारायची, आणि तेवढ्या एका गोष्टीत काल त्यानं दगा दिला होता.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन करता आला असता. कुणीतरी भेटला, तो म्हणाला तिथं उन्हात फिरवतात, असं काहीतरी. उत्तमनं मनात तीन माणसं तयार केली, तिघांना नावं दिली. एक हुसेनच्या दुकानातलं गिऱ्हाईक, एक जुना ड्रायव्हर, एक केरळी. तिघांचीही गोष्ट जुळत होती. त्यानं फोन लावला. वाजून वाजून थांबला. तिनं आवाज बंद केला असणार, शहाण्या उमेदवारासारखा. दुसऱ्यांदा लावला. मग तो उठला, परत बसला. आत आत एक बारीक आवाज म्हणत होता, राहू दे. होऊन जाऊ दे. तिलाही कुणीतरी कोपर धरून सावलीत बसवू दे, झाकण उघडून पाणी देऊ दे, म्हणजे घरात दोघं सारखे होतील. संध्याकाळी आपण तिच्यापुढे सोलकढीचा पेला ठेवू. हा विचार त्याला इतका गोड लागला की तो घाबरला. चव्वेचाळीस डिग्री बाहेर, जाड अस्तर, टाचा, अकरा ओळी. बाई पडली आणि डोकं पाइपावर आपटलं तर? त्यानं कुर्ता, सलवार आणि सपाट सँडल एका कापडी पिशवीत कोंबले आणि जिना उतरला, लिफ्टची वाटही न बघता.

टॅक्सी मिळायला दहा मिनिटं गेली. मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्यावर त्याला पहिल्यांदा नीट कळलं की ही पिशवी घेऊन तिथं जाणं म्हणजे काय. तिथं उन्हात फिरवतात हे तुम्हाला कसं माहीत, याला आता तीन माणसांपैकी कुणीही पुरा पडणार नव्हता. गेटवरचा वॉचमन ओळखणार, रय्यान ओळखणार. कुर्ता दिला की सोमवार दिला. आणि सोमवार दिला की कालची संध्याकाळही दिली. ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगावं असं त्याच्या मनात दोनदा आलं. पुलाखालून जाताना आलं आणि पेट्रोलपंपाशी आलं. दोन्ही वेळा त्यानं तोंड उघडलं आणि एसी कमी करायला सांगितला. ती नापास व्हावी असं त्याला वाटत होतं, आणि तिला काही होऊ नये असंही वाटत होतं, आणि या दोन्ही इच्छा एकाच जागी, छातीच्या डाव्या बाजूला, खेटून बसल्या होत्या. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली बघून त्यानं तिथंच उतरून घेतलं आणि शेवटचा अर्धा मैल तो चालत गेला. धूळ, सिमेंटचा वास, बूट नाहीत म्हणून चपलेतून वर येणारी डांबराची धग. साध्या घरच्या शर्टात होता, टाय नव्हता. आज त्याला सोमवारपेक्षा बरं चालता येत होतं, हेही त्याच्या ध्यानात आलं.

गेटवर उजैर होता, वॉचमन. त्यानं हात वर केला. "आप तो पिछले हफ्ते भी आए थे ना, अर्बाब के पास?" अर्बाब म्हणजे साहेब, रय्यान. उत्तमनं मान डोलावली आणि बाई कुठे आहेत विचारलं. उजैरनं हनुवटीनं आत दाखवलं. ऊन एवढं पांढरं होतं की पहिल्यांदा त्याला फक्त रॅक दिसले. मग सहाव्या ओळीच्या शेवटाशी ती दिसली, आणि ती शीलाच आहे हे पटायला त्याला वेळ लागला. पदर कमरेला घट्ट खोचलेला. निऱ्या वर उचलून पुढे बांधलेल्या, लोट्याला पावसाळ्यात स्टोअरमध्ये पाणी शिरलं की बांधायची तशा. पायात कुणाचे तरी मोठे सेफ्टी बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. आणि तिला घाम आला होता. दव नव्हे, घाम, धारा लागलेल्या, कानशिलावरून, हनुवटीवरून, वांगी रेशीम पाठीला चिकटून काळं पडलेलं, तोंड लालबुंद. तिनं रॅकचा खांब धरला, डोळे मिटले, एक श्वास घेतला, आणि कार्ड वाचायला लागली. आवाज खणखणीत होता. "अर्बाब, इसमें चौदा लिखा है, इधर बारा है. दो कोई ले गया, लिखा नहीं." रय्यान तिच्या मागे एक पाऊल चालत होता. यादी त्याच्या हातात होती आणि तो लिहून घेत होता.

उत्तम तिथंच थांबला असता. पण रय्याननं वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला आणि त्याला ओळखलं. मनापासून ओळखलं, वाईट माणूस नव्हताच तो. "अरे बाबा, आप? उस दिन के बाद तबियत ठीक है?" शीलानं मान वळवली. तिनं आधी उत्तमकडे बघितलं, मग रय्यानकडे, मग पिशवीकडे. पिशवीच्या तोंडातून कुर्त्याची पांढुरकी बाही बाहेर आली होती. लोट्याला साठा जुळत नसला की ती अशीच बघायची. आधी माल, मग कार्ड, मग ज्यानं लिहिलं तो माणूस. "मेरे मिस्टर हैं," ती रय्यानला म्हणाली. "दो मिनट." रय्यान सभ्यपणे पुढच्या रॅककडे गेला. ती उत्तमजवळ आली. इतक्या जवळून त्याला तिच्या अंगाची वाफ लागत होती.

"सोमवारी रुवीला गेला होतात ना?" तिनं विचारलं.

उत्तमनं पिशवी पुढे केली. "हे घाल. केबिनमध्ये बदलून घे. मी सांगतो त्याला."

"म्हणजे काल माहीत होतं."

"हो," तो म्हणाला. हे एवढं एक अक्षर उच्चारायला त्याला घरापासून इथपर्यंत यावं लागलं होतं. आणखी काही सांगावं, लोट्याचं, सोलकढीचं, बाटलीच्या झाकणाचं, असं त्याला वाटलं, पण ते सगळं तोंडात आल्यावर एवढंसं झालं. "मला सहन झालं नाही शीला," तो म्हणाला.

तिनं पिशवीला हात लावला नाही. हाताच्या पाठीनं कपाळ पुसलं, हेल्मेट नीट केलं. ती रागावली असती तर त्याला कळलं असतं. ती थकलेली दिसत होती, आणि त्या थकव्याखाली काहीतरी मोजून बाजूला ठेवल्यासारखं दिसत होतं. "अजून पाच ओळी आहेत," ती म्हणाली. "संपेपर्यंत थांबा."

"तिकडे सावलीत थांबतो."

"नाही. इथं थांबा."

ती परत गेली. बूट मोठे असल्यामुळे तिचा पाय फरपटत होता, पण चाल मंदावली नाही. उत्तम उभा राहिला. डोक्यावर पत्रा नव्हता. उजैरनं गेटच्या खोलीतून हात करून बोलावलं, पंखा आहे म्हणाला. उत्तमनं मानेनं नको म्हटलं. घाम आधी मानेवर आला, मग पाठीवर, मग चष्म्याच्या काठावरून डोळ्यांत. सातव्या ओळीतून तिचा आवाज येत होता, मग आठव्या, आकडा, माप, आकडा, आणि मधूनमधून रय्यानचा, आता तो तिला मॅडम म्हणायला लागला होता. एका आकड्याशी ती अडखळली. उत्तमच्या छातीत चटकन काहीतरी आनंदानं उडालं, त्याच्या नकळत, त्या उन्हात, एवढं सगळं होऊनसुद्धा. आणि तिनं आकडा बरोबर सांगितला तेव्हा तो आनंद जागच्या जागी विझला आणि त्याच्या जागी दुसरा आला, तोही खराच होता, पण तो दुसऱ्या नंबरानं आला होता. हे त्यानं बघितलं. ते आपल्याला असंच दिसत राहणार, मेलो तरी, असं त्याला वाटलं. दहावी ओळ. अकरावी. मग ती दोघं रॅकांच्या पलीकडून केबिनकडे जाताना दिसली, आणि दार उघडून रय्यान बाजूला उभा राहिला, तिला आधी जाऊ द्यायला. तिनं मागे बघितलं नाही. दार मिटलं.

तो थांबला. संपेपर्यंत म्हणाली होती, आणि संपलं असं कुणी सांगितलं नव्हतं. साडेबारा होत आले तसे यार्डातले मजूर कामं टाकून सावलीला निघाले. जूनपासून दुपारी उन्हात काम करायला बंदी. त्यांनी जाता जाता मोकळ्यावर उभ्या असलेल्या या माणसाकडे पाहिलं, एकानं हाकही मारली. शेवटी केबिनमधून उजैरला बोलावणं गेलं आणि तो बाहेर येऊन सरळ उत्तमकडे चालत आला. खुशीत होता.

"मुबारक हो," तो म्हणाला. "मॅडम का हो गया. कागज बन रहे हैं, टाइम लगेगा. मॅडम ने बोला है, आप घर जाओ. वो अपने आप आ जाएंगी."

उत्तमनं विचारलं, आणखी काही म्हणाल्या का? उजैरनं आठवून बघितलं. नाही म्हणाला, एवढंच. उत्तमनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेटकडे चालायला लागला.